रंगीत फिल्म : नवी नावे, जुने कारखाने



छायाचित्राची रंगीत फिल्म ही वस्तू आता इतिहासजमा झाली, अशी समजूत दहा-बारा वर्षांपूर्वी सर्वत्र पसरली होती आणि त्या समजुतीला कारणेही तशीच भक्कम होती. परंतु 2022 सालापासून या बाजारात नव्या नावांच्या डब्या एकामागून एक दिसू लागल्या आहेत. इंग्लंडातून एक आली, जर्मनीतून दोन आल्या, चीनमधून एक आली, आणि अमेरिकेतील रॉचेस्टर या गावाहून एक फार जुने नाव नवे वेष्टन लेऊन पुन्हा बाहेर पडले. ज्यांच्या घरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात वडिलांचा कॅमेरा वर्षानुवर्षे पडून होता, अशी मुले तो खाली काढून, पुसून, खांद्याला लावून हिंडू लागली आहेत. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि मला अंधारखोलीचा जुना नाद आहे, हे ठाऊक असल्यामुळे त्यांतली काही माझ्याकडे येतात आणि विचारतात, “सर, कोणती फिल्म घेऊ?”

या प्रश्नाचे उत्तर मी एकदा फार सहजपणे दिले होते. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला मी म्हणालो, “कोणतीही रंगीत निगेटिव्ह घे, सगळ्या एकाच पद्धतीने धुतल्या जातात.” त्याच्या धाकट्या बहिणीचे प्रथम कम्युनियन होते. त्याने स्वस्तात मिळाली म्हणून एक साधी काळी डबी घेतली. सिनेमाच्या लांब रिळातून तुकडा कापून तीत भरलेला होता, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याने छत्तीस छायाचित्रे काढली. त्यांत पांढऱ्या झग्यातली बहीण होती, तिच्या हातातली मेणबत्ती होती, आणि गावाहून मुद्दाम आणलेली आजी होती. रोल नेहमीच्या ठिकाणी धुवायला गेला. यंत्रात शिरल्यावर त्याच्या पाठीवरची काजळी सुटली आणि साऱ्या द्रावणात मिसळली. त्याचा रोल तर गेलाच, पण त्याच वेळी यंत्रात असलेले आणखी दोघांचे रोलही डागाळले. काजळी निगेटिव्हवर काळी दिसते, पण छापताना ती प्रकाश अडवते आणि कागदावर पांढरी उमटते. त्यामुळे पांढरा झगा जवळजवळ शाबूत राहिला आणि आजीचा सावळा चेहरा मात्र देवीचे व्रण पडावेत तसा ठिपक्यांनी भरून गेला. मुलगा ती पट्टी हातात धरून माझ्यासमोर उभा राहिला आणि एवढेच म्हणाला, “सर, डबीवर नुसतं कलर निगेटिव्ह लिहिलं होतं.”

रोल धुणाऱ्याचा यात काही दोष नव्हता. विकणाऱ्याने लिहिले नव्हते आणि मी सांगितले नव्हते. तेव्हा, कोणती फिल्म घ्यावी या प्रश्नाआधी, डबीत नेमके काय आहे, ते कोणी केले आणि ते कोणत्या द्रावणासाठी केले, हे विचारले पाहिजे. आज मी तेच सांगणार आहे.

रंगीत निगेटिव्हची पट्टी हातात घेतली तर ती एक साधी कचकड्याची फीत वाटते. वस्तुतः तिच्या एका बाजूवर जिलेटिनचे डझनभर, कधी त्याहूनही अधिक थर एकावर एक बसविलेले असतात, आणि त्या साऱ्या थरांची मिळून जाडी मिलिमीटरच्या सुमारे पन्नासाव्या भागाएवढी भरते. या थरांत चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. सर्वांत वरचे थर निळा प्रकाश ओळखतात. त्यांच्याखाली एक पिवळी चाळणी असते, ती उरलेला निळा प्रकाश तेथेच अडवून धरते. तिच्याखालचे थर हिरवा प्रकाश ओळखतात आणि तळाचे थर तांबडा. म्हणजे कॅमेऱ्याची झडप उघडते त्या क्षणी एकाच दृश्याच्या तीन प्रती, एकीखाली एक, नोंदल्या जातात.

या तिन्ही प्रती प्रथम रंगहीनच असतात, कारण चांदीला रंग कळत नाही. रंग येतो तो धुताना. प्रत्येक थरात चांदीच्या कणांशेजारी एक रंगजनक द्रव्य मुरवून ठेवलेले असते. डेव्हलपर चांदीच्या क्षारावर काम करतो तेव्हा तो स्वतः झिजतो, आणि त्या झिजलेल्या डेव्हलपरचा शेजारच्या रंगजनकाशी संयोग होऊन तेथल्या तेथे रंग तयार होतो. निळा ओळखणाऱ्या थरात पिवळा, हिरवा ओळखणाऱ्या थरात किरमिजी आणि तांबडा ओळखणाऱ्या थरात निळसर हिरवा. नंतर ब्लीच आणि फिक्सर मिळून सारी चांदी काढून टाकतात आणि मागे उरतात ते केवळ रंग. धुतलेल्या रंगीत निगेटिव्हमध्ये चांदीचा कणही राहत नाही, हे पुष्कळांना ऐकून नवल वाटते.

मग त्या पट्टीवर जी नारिंगी झाक दिसते, ती कशाची? आपल्या बाजारातल्या तागडीचा दृष्टान्त येथे उपयोगी पडेल. तेल मोजून देणारा दुकानदार रिकाम्या भांड्याचा आधी धडा करतो, म्हणजे भांड्याचे वजन हिशोबात येत नाही. किरमिजी आणि निळसर हिरवा हे दोन्ही रंग जितके शुद्ध असायला हवेत तितके नसतात. जो प्रकाश त्यांनी सोडून द्यावा, त्यातलाही थोडा ते गिळतात. हा दोष काढून टाकता येत नाही, म्हणून त्याचा धडा केला जातो. त्या थरांतील रंगजनकालाच आधीपासून फिकट पिवळा वा तांबूस रंग दिलेला असतो. जेथे तो वापरला जातो तेथे तो रंग नाहीसा होतो, पण तेथेच नव्या रंगाचा दोष येतो आणि दोन्ही पारडी सारखी राहतात. साऱ्या पट्टीभर जो सारखा अवशेष उरतो, तो हा नारिंगी रंग होय. छापताना तो वजा करणे सोपे असते. हे लक्षात असू द्यावे, कारण पुढे ज्या इंग्रजी फिल्मची हकीकत येणार आहे तिच्यात हा धडाच केलेला नव्हता.

रंगजनक द्रव्याची ही मूळ कल्पना रुडॉल्फ फिशर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1911-12 च्या सुमारास मांडली होती. तथापि ती द्रव्ये आपापल्या थरात थांबत नसत, शेजारच्या थरात पाझरत, आणि त्यामुळे रंगांचा काला होई. जर्मनीतील वुल्फेन येथील आग्फा कारखान्यात या द्रव्यांच्या रेणूला एक लांब, जड शेपूट जोडण्यात आले आणि त्यामुळे ती जागच्या जागी रुतून राहिली. 1936 साली ही फिल्म बाजारात आली. रॉचेस्टरच्या कोडॅकने तीच अडचण रंगजनक द्रव्य तेलाच्या सूक्ष्म थेंबांत कोंडून सोडविली आणि 1942 साली ‘कोडाकलर’ ही कागदावर छापण्याजोगी रंगीत निगेटिव्ह फिल्म विकायला काढली. 1950 साली त्याच तत्त्वावरची ‘ईस्टमनकलर’ सिनेमासाठी निघाली आणि तीन फिती एकदम चालविणाऱ्या टेक्निकलरच्या अवजड कॅमेऱ्याचे दिवस भरत आले.

आपल्या मराठी माणसांनी तर याही आधी रंगाचा ध्यास घेतला होता. प्रभात फिल्म कंपनीने 1933 साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट रंगीत करण्यासाठी जर्मनीला नेला. व्ही. शांताराम स्वतः तिकडे गेले. रंग मात्र मनासारखे उतरले नाहीत आणि तो प्रयोग तेथेच संपला. चित्रीकरण येथे आणि रंग तिकडे, अशी ती परावलंबी अवस्था होती. पुढे मेहबूब खान यांनी ‘आन’ 1952 साली पुरा केला, तो 16 मिलिमीटरच्या गेव्हाकलर फिल्मवर टिपून नंतर टेक्निकलरमध्ये छापलेला. तेव्हाही छपाईसाठी परदेशच गाठावा लागला. फिल्म हाती असून भागत नाही, तिला धुणारा आणि छापणारा असावा लागतो, हा धडा आपल्याकडच्या लोकांनी फार खर्च करून घेतलेला आहे.

याचा सर्वांत करुण पुरावा अमेरिकेतच मिळतो. ‘कोडाक्रोम’ ही 1935 सालची फिल्म रंगांच्या टिकाऊपणासाठी विख्यात होती. तिच्यात रंगजनक द्रव्ये फिल्मच्या थरांत नसत, ती धुण्याच्या द्रावणात घालावी लागत. म्हणून ती धुणे अत्यंत किचकट असे. 2009 साली कोडॅकने ती बनविणे थांबविले आणि 2010 च्या अखेरीस ती धुणारी शेवटची प्रयोगशाळाही थांबली. तेव्हापासून ज्या कोणाच्या खणात न धुतलेला कोडाक्रोमचा रोल राहिला असेल, त्यातून रंग काढण्याचा सरळ मार्ग उरलेला नाही.

आता आपण आजच्या धुलाईकडे येऊ. साध्या कॅमेऱ्याच्या रंगीत निगेटिव्हसाठी 1972 सालापासून ‘सी-41’ नावाची पद्धत चालते. डेव्हलपरचे तापमान 37.8 अंश आणि वेळ सव्वातीन मिनिटे. जगातल्या कोणत्याही गावी ती सारखीच असते, आणि म्हणूनच फोटोच्या दुकानातले यंत्र कोणत्याही कंपनीची डबी डोळे झाकून घेते. सिनेमाच्या निगेटिव्हची पद्धत वेगळी आहे. तिचे नाव ‘ईसीएन-2’. तापमान 41.1 अंश, वेळ तीन मिनिटे, आणि डेव्हलपरमधले मुख्य रसायनही निराळे. त्यातून सिनेमाच्या फिल्मच्या पाठीवर काजळीचा एक थर असतो. त्याला व्यवसायात ‘रेमजेट’ म्हणतात. हा थर निरुपयोगी नाही. तेजस्वी दिव्याचा प्रकाश फिल्मच्या आरपार जाऊन मागून परत फिरू नये, कॅमेऱ्यात सेकंदाला चोवीस चित्रांच्या वेगाने धावताना फिल्मवर वीज साचून ठिणगी पडू नये, तिला ओरखडे येऊ नयेत, ही सारी कामे तो करतो. सिनेमाच्या प्रयोगशाळेत फिल्म प्रथम एका सोडायुक्त द्रावणातून जाते, काजळी सैल होते आणि पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन निघते. दुकानातल्या यंत्रात ही पहिली पायरीच नसते. आमच्या त्या मुलाच्या आजीचा चेहरा नासला तो या एका नसलेल्या पायरीमुळे.

लॉस एंजेलिसच्या सिनेस्टिल या कंपनीने यावर एक तोड काढली. सिनेमाच्या फिल्मवरची काजळी आधीच काढून ती साध्या डबीत भरायची आणि नेहमीच्या द्रावणात धुवायला मोकळी करायची. काजळी गेल्यामुळे दिव्यांभोवती तांबडी वलये उमटतात. तरुण मंडळींना ती वलयेच फार आवडली. मला स्वतःला रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला प्रभामंडळ लावण्याची ही हौस फारशी पटत नाही. ते तेज संतांच्या चित्रात शोभते. पण आवडीनिवडीवर वाद घालण्यात अर्थ नाही. मुद्दा असा, की नाव सिनेस्टिलचे असले तरी त्या प्रसिद्ध फिल्मवरचा लेप रॉचेस्टरचाच असतो.

आणि येथेच या विषयाची खरी मेख आहे. डब्यांवरची नावे पुष्कळ आहेत, पण रंगीत लेप लावणारी यंत्रे जगात बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत. डझनभर थर, पूर्ण अंधारात, रुंद धावत्या पट्ट्यावर, एका मायक्रॉनचाही फरक न पडू देता लावायचे, हे काम एखाद्या छोट्या गृहोद्योगाच्या आवाक्यातले नाही. यंत्र प्रचंड असते आणि ते चालू ठेवायचे तर मैलोगणती फिल्म विकली जावी लागते. ती मागणी साध्या कॅमेऱ्यांपेक्षाही सिनेमाकडून येत असे. 2006 साली कोडॅकने सिनेमासाठी 12.4 अब्ज फूट फिल्म विकली होती. 2014 साली हा आकडा सुमारे 44 कोटी 90 लाख फुटांवर येईल, असा अंदाज होता. शंभरातले शहाण्णव गेले आणि चार उरले. मधल्या काळात, 2012 साली, कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि 2013 साली ती त्यातून बाहेर पडली. त्याच 2013 मध्ये जपानच्या फुजीने सिनेमाची निगेटिव्ह बनविणे सोडून दिले. जर्मनीतल्या आग्फाफोटोचे दिवाळे तर 2005 सालीच निघाले होते. 2014-15 मध्ये नोलन, टॅरँटिनो अशा दिग्दर्शकांच्या आग्रहावरून हॉलिवूडच्या मोठ्या चित्रसंस्थांनी कोडॅककडून ठराविक फिल्म घेण्याचे करार केले, म्हणून ते यंत्र थांबले नाही. अर्थात हॉलिवूडचा एखादा दिग्दर्शक 35 मिलिमीटरचे हजार फुटी रीळ लावतो आणि अकरा मिनिटांत संपवतो, तेव्हा आपल्या गावातल्या मुलाच्या छत्तीस चित्रांच्या डबीलाही त्याचा हातभार लागलेला असतो.

भारतातही फिल्मचा कारखाना होता. उटीजवळ 1960 साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि तिची ‘इंदू’ नावाची कृष्णधवल फिल्म आमच्या पिढीने शाळेच्या वयात पाहिली आहे. तो कारखाना बंद पडला. आज आपण वापरतो तो प्रत्येक रंगीत रोल परदेशातून येतो, आणि म्हणून तिकडच्या कारखान्यांचे बरे-वाईट हे आपल्यालाही थेट लागू होते.

या पार्श्वभूमीवर नव्या नावांकडे पाहिले म्हणजे कोणते नाव खरोखर नवे आणि कोणते केवळ नवे वेष्टन, हे उलगडते.

माझ्या मते यांतली सर्वांत महत्त्वाची घटना इंग्लंडातल्या मॉबर्ली या गावी घडली. तेथे हारमन टेक्नॉलॉजी ही कंपनी इलफोर्ड नावाची कृष्णधवल फिल्म बनवते. इलफोर्डचा संस्थापक आल्फ्रेड हारमन याने 1879 साली हा धंदा आरंभला होता. 2004 साली इलफोर्ड बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा तिच्याच व्यवस्थापकांनी ती विकत घेऊन सावरली आणि संस्थापकाचे नाव नव्या कंपनीला दिले. काळ्या-पांढऱ्या कामात मुरलेल्या या लोकांनी 2023 च्या डिसेंबरात ‘फिनिक्स 200’ ही आपल्याच कारखान्यात लेपलेली रंगीत निगेटिव्ह बाजारात आणली. ती निर्दोष नव्हती आणि तशी ती आहे असा आव कंपनीनेही आणला नाही. प्रयोग म्हणूनच ती विकली गेली. तिचे कण ठसठशीत होते. उजेड आणि सावली यांतले अंतर फार तीव्र येई. दिव्यांभोवती वलये पडत. आणि मघाशी सांगितलेला नारिंगी धडा तिच्यात नव्हता. पट्टी जांभळट दिसे, त्यामुळे दुकानातले यंत्र, ज्याला नारिंगी वजा करण्याची सवय, ते गोंधळून भलतेच रंग देई. पुष्कळांनी फिल्मला नावे ठेवली. वस्तुतः दोष निम्मा यंत्राच्या सवयीचा होता.

तरीही मी या फिल्मचे स्वागत करतो. विद्यार्थ्याची पहिली उत्तरपत्रिका तपासताना मी तो काय चुकला याबरोबरच उत्तर त्याचे स्वतःचे आहे की शेजाऱ्याचे, हेही पाहतो. हे उत्तर स्वतःचे होते. 2025 च्या जुलैमध्ये तिची दुसरी आवृत्ती, ‘फिनिक्स 2’, निघाली. तिचे कण अधिक बारीक आहेत, तीव्रता आवरलेली आहे आणि रंग अधिक खरे वाटतात. दीड वर्षात एवढी सुधारणा झाली, याचा अर्थ तेथे माणसे काम करीत आहेत आणि विक्रीचा पैसा पुन्हा कारखान्यात जात आहे. मात्र घरच्या लग्नाकार्यात पहिलाच रोल म्हणून ती लावू नये. कोडॅकच्या निगेटिव्हला एखाददुसरा टप्पा अधिक उजेड झाला तरी ती सांभाळून घेते. फिनिक्सकडून, विशेषतः पहिल्या आवृत्तीकडून, तेवढ्या उदारपणाची अपेक्षा धरता येत नाही. उजेड नीट मोजावा लागतो. ज्याला मोजणे शिकायचे आहे, त्याच्यासाठी ती उत्तम गुरू आहे.

जर्मनीतून आलेले नाव आहे ‘ऑर्वो’. हे नाव 1964 सालचे. ‘मूळ वुल्फेन’ या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून ते बनले. युद्धानंतर वुल्फेन पूर्व जर्मनीत गेले, आग्फाचे नाव पश्चिमेकडे राहिले, म्हणून या नव्या नावाची गरज पडली. जुन्या भारतीय चित्रपटांच्या श्रेयनामावलीत ‘ऑर्वोकलर’ ही अक्षरे ज्यांनी वाचली असतील, त्यांना हे नाव परके वाटणार नाही. 2022 साली या नावाने ‘एनसी 500’ आणि 2023 साली ‘एनसी 400’ अशा दोन रंगीत निगेटिव्ह निघाल्या. 500 ही आग्फाच्या एका जुन्या, ऐंशीच्या दशकातील सिनेमा-फिल्मच्या कृतीवर आधारलेली आहे. तिच्यावर काजळी नसते. तिचे रंग दबलेले आणि कण मोठे असतात. जुन्या अल्बमची आठवण व्हावी असे चित्र येते. ज्यांना आजचे चित्र आजच्यासारखेच हवे, त्यांनी ती टाळावी.

चीनमध्ये बाओडिंग येथील ‘लकी’ या जुन्या कारखान्याने 2025 साली ‘सी200’ ही रंगीत निगेटिव्ह पुन्हा काढली. तिच्याविषयी मी अधिक बोलत नाही. मी ती अजून वापरलेली नाही. पण लेप लावणारे आणखी एक यंत्र जगात फिरू लागले, एवढे तरी तिने सिद्ध केले आहे.

रॉचेस्टरची गोष्ट निराळी. 2025 च्या ऑक्टोबरात ईस्टमन कोडॅकने ‘कोडाकलर 100’ आणि ‘कोडाकलर 200’ या दोन फिल्मा जाहीर केल्या. 1942 सालचे नाव पुन्हा डबीवर आले, म्हणून वृत्तपत्रांतून मोठी चर्चा झाली. परंतु आतला लेप काही नवा शोधलेला नाही. कोडॅकच्या आधीच्याच फिल्मांची ती दुसरी नावे आहेत. नवे आहे ते विकणारे हात. दिवाळखोरीनंतर साध्या कॅमेऱ्याच्या फिल्मची विक्री कोडॅक अलारिस या वेगळ्या कंपनीकडे गेली होती. दशकाहून अधिक काळानंतर बनविणाऱ्यानेच स्वतः विक्री सुरू केली. ग्राहकाला यात नुकसान काही नाही. पण नाव बदलले म्हणून रंगही बदलतील, अशा आशेने कोणी या दोन डब्यांची पारख करीत बसू नये. फुजीच्या बाबतीतही असेच सावध असावे. काही देशांत विकल्या जाणाऱ्या फुजीच्या 200 आणि 400 च्या वेष्टनांवर ‘अमेरिकेत बनविलेली’ असे छापलेले असते. हिरव्या खोक्यातून जपान बाहेर पडेल असे समजणाऱ्याने खोक्याची मागची बाजूही वाचावी.

खरा बदल त्याच वर्षी सिनेमाच्या फिल्ममध्ये झाला, आणि त्याची बातमी मात्र थोड्यांच्याच कानी गेली. कोडॅकने आपल्या ‘व्हिजन 3’ मालिकेतील निगेटिव्हच्या पाठीवरची काजळी काढून टाकण्यास आरंभ केला. प्रकाश परत फिरू नये म्हणून आता लेपाच्या खालीच एक निराळा थर दिलेला आहे आणि तो धुताना विरघळून नाहीसा होतो. वीज साचू नये यासाठी पाठीवर पारदर्शक थर आहे. सिनेमाच्या प्रयोगशाळांची एक पायरी वाचली, पाणी वाचले. साध्या कॅमेऱ्यात ही फिल्म वापरणाऱ्यांचीही काजळीची धास्ती यापुढे हळूहळू जाईल. तथापि ‘हळूहळू’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. जुनी, काजळीची फिल्म दुकानांतून आणि लोकांच्या शीतकपाटांतून अजून पुष्कळ पडून आहे, आणि तीच रिळातून कापून निनावी डब्यांत भरली जाते. शिवाय काजळी गेली म्हणून द्रावणाचा भेद गेला असे नाही. सिनेमाची निगेटिव्ह साध्या द्रावणात धुतली तर चित्र येते, पण ते अधिक तीव्र येते आणि रंग थोडे सरकतात. ‘टी’ हे अक्षर असलेल्या सिनेमा-फिल्मा जुन्या पद्धतीच्या पिवळ्या विजेच्या दिव्यांसाठी बनविलेल्या असतात. त्या उन्हात वापरल्या तर सारे जग निळसर होते. त्यासाठी भिंगापुढे नारिंगी काच लावावी लागते.

शेवटी आपल्या हवामानाविषयी थोडे. गोव्यात, कोकणपट्टीवर आणि बेळगावच्या पावसाळ्यात दमटपणा हा फिल्मचा पहिला शत्रू आहे. न वापरलेला रोल त्याच्या बंद डबीतच शीतकपाटात ठेवावा आणि वापरण्याआधी दोन-तीन तास बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा. थंड डबी लगेच उघडली तर आत दव धरते. चित्रे काढून झाल्यावर रोल महिनोन्‌महिने कॅमेऱ्यात ठेवू नये. विमानतळावर नव्या पद्धतीची, सामानाचे छेदचित्र घेणारी यंत्रे आली आहेत. त्यांतून न धुतलेली फिल्म मुळीच जाऊ देऊ नये, हातानेच तपासून द्यावी अशी विनंती करावी. धुतलेल्या निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. तेथे पहिल्या दोन पावसाळ्यांतच जिलेटिनला बुरशी लागते. कोरड्या जागी, कागदी पाकिटात, उभ्या ठेवाव्यात.

आणि निनावी डबी हाती आलीच, तर ती यंत्रात देण्यापूर्वी घरीच पाहता येते. रोल कॅमेऱ्यात भरताना जी जीभ बाहेर असते, ती तशीही उजेडाने जळालेलीच असते, तेव्हा तिच्यावर प्रयोग केल्याने काही बिघडत नाही. तिची पाठ पाहावी. नेहमीच्या फिल्मची पाठ चकचकीत आणि करडी वा तपकिरी असते, काजळीच्या फिल्मची गर्द काळी आणि मंद. संशय राहिलाच तर चमचाभर कोमट पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवावा, त्याचा एक थेंब जिभेच्या पाठीवर टाकावा, मिनिटभर थांबावे आणि अंगठ्याने चोळावे. अंगठा काळा झाला, तर तो रोल नेहमीच्या यंत्रात देऊ नये. सिनेमाची फिल्म धुणाऱ्याकडेच पाठवावा, आणि पाठविताना डबीवर कागदाची पट्टी चिकटवून तीवर शाईने ‘काजळी आहे’ असे लिहावे.